सातपुड्याचा ताप आणि विळ्याची पेशी

#थ्रेड #खानदेश #आरोग्याचा_इतिहास

१/ इ.स. १८८०. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालिकेचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. विषय होता खानदेश जिल्हा, संपादक जेम्स कॅम्पबेल. नद्या, किल्ले, पिके, बाजार, जातीजमाती यांच्याबरोबर हवामान आणि रोगराई यांचीही त्यात दखल घेतलेली आहे. सातपुड्याचा पायथा आणि नवापूरकडचा पश्चिमेचा डोंगराळ पट्टा यांचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो : ताप.

२/ त्याच वर्षी, ६ नोव्हेंबर रोजी, अल्जीरियातील कॉन्स्टन्टाइन येथील लष्करी रुग्णालयात लाव्हराँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला एका सैनिकाच्या रक्तात, सूक्ष्मदर्शकाखाली, वळवळणारे जीव दिसले. हिवतापाचा परजीवी माणसाच्या दृष्टीस प्रथमच पडला. याचा अर्थ असा, की गॅझेटिअरसाठी खानदेशातील ताप ज्यांनी टिपला, त्यांना त्या तापाचे कारण ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. तेव्हाच्या वैद्यकाच्या मते दोषी होती दलदलीची, कुजलेल्या पाल्याची हवा. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’.

३/ हा थ्रेड त्या तापाचा आहे, आणि त्या तापाच्या आड शेकडो पिढ्या दडून राहिलेल्या दुसऱ्या एका दुखण्याचाही. ताप चढतो, पोट फुगते, डोळे पिवळे होतात, हाडे ठणकतात, माणूस बरळतो. हे सारे कोणालाही दिसते. हे नेमके कशाचे रूप आहे, हे मात्र दिसत नाही. ते ठरवावे लागते. खानदेशात ते निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी ठरवले, आणि प्रत्येक निदानाची किंमत कोणाला तरी मोजावी लागली.

४/ प्रथम भूगोल. जुना खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार. १९०६ मध्ये इंग्रजांनी त्याचे पूर्व खानदेश (मुख्यालय जळगाव) आणि पश्चिम खानदेश (मुख्यालय धुळे) असे दोन भाग केले. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी; तोवर तो धुळ्याचाच भाग होता. मधोमध तापीचे काळ्या मातीचे खोरे, उत्तरेला सातपुड्याची भिंत. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा ही गावे त्या भिंतीच्या पायथ्याशी ओळीने बसलेली. वर डोंगरात भिल्ल, पावरा, तडवी यांची वस्ती.

५/ १८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेरचा किल्ला पडला. पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथील पहिला पोलिटिकल एजंट. त्याने ठाणे मांडले धुळ्याला. सपाटीचा मुलूख हाती आला, डोंगर मात्र येईना. भिल्ल नाईकांच्या टोळ्या खाली उतरत, लूट करून पुन्हा रानात दिसेनाशा होत. पाठलागावर गेलेल्या पलटणींना दोन शत्रू भेटत. एक भिल्ल. दुसरा ताप. पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत डोंगरात शिरलेली तुकडी बंदुकीची गोळी न लागताही निम्मीशिम्मी होऊन परते.

६/ १८२५ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, धोरण बदलले. भिल्लांनाच सैन्यात घ्यायचे ठरले. बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स आउट्रम या कामावर आला. हाच तो, पुढे १८५७ मध्ये लखनौला गाजलेला. धरणगाव येथे ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभी राहिली. या निर्णयामागे राजकीय हिशोब होताच : चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असे साहेबांचे मत. पण आणखी एक साधी गोष्टही होती. ज्या रानात बाहेरचा शिपाई महिनाभरात अंथरुणाला खिळे, तेथे भिल्ल शिपाई टिकून राही.

७/ का टिकून राही? साहेबी उत्तर तयार होते : ही हवा या लोकांच्या प्रकृतीला मानवते. उत्तर म्हणजे काय, तर प्रश्नच जरा बदलून पुन्हा मांडलेला. खरे कारण सापडायला त्यानंतर सव्वाशे वर्षे जायची होती, आणि ते सापडणार होते सातपुड्यापासून फार दूर. तिकडे जाण्यापूर्वी थोडे मागे जाऊ, कारण तापाचे निरीक्षण काही साहेबांपासून सुरू झालेले नाही.

८/ आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘विषमज्वर’ या नावाखाली येणारे-जाणारे ताप वेगळे काढले आहेत : संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक. तृतीयक एक दिवस आड येतो, चतुर्थक दोन दिवस आड. लोकभाषेत पहिल्याला एकांतरा म्हणत. हे वर्गीकरण नुसत्या डोळ्यांनी आणि दिवस मोजून केलेले आहे, आणि ते थक्क करण्याइतके बिनचूक आहे. १८८५-८६ मध्ये इटलीत गॉल्जी याने दाखवून दिले, की परजीवी तांबड्या पेशी फोडून एकाच वेळी बाहेर पडतात तेव्हा थंडी भरते. काही जातींत हे चक्र ४८ तासांचे, एका जातीत ७२ तासांचे. तृतीयक आणि चतुर्थक हेच ते.

९/ याच परंपरेत माधवकराचा ‘रुग्विनिश्चय’ आहे, आपण त्याला ‘माधवनिदान’ म्हणून ओळखतो. काळ साधारण सातवे-आठवे शतक. या ग्रंथात औषध नाही. केवळ रोग ओळखायचा कसा, एवढेच. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशा पाच अंगांनी व्याधीकडे पाहायचे. पूर्वरूप म्हणजे रोग उघड होण्याआधीच्या खुणा, रूप म्हणजे उघड लक्षणे, उपशय म्हणजे कशाने बरे वाटते ते पाहून केलेले अनुमान. लक्षण आणि व्याधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारा ग्रंथ आपल्याकडे हजार-बाराशे वर्षांपूर्वी होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. मात्र त्यावरून ‘आपल्याला सगळे आधीच माहीत होते’ अशी उडी घेऊ नये. दिवस मोजता आले. डास आणि परजीवी दिसले नाहीत.

१०/ आता पोटाकडे. हिवताप वारंवार आला की डाव्या बरगडीखालची प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढते. १८४५-४७ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात कालव्यांमुळे ताप वाढतो का, याची सरकारी चौकशी झाली. तीत डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरने गावोगावच्या लोकांची पोटे चाचपून पाणथरी वाढलेल्यांचे प्रमाण काढले. त्या गावात हिवताप किती, हे त्यावरून ठरे. रक्त तपासण्याची सोय नसलेल्या काळातील ही युक्ती पुढे शंभर वर्षे जगभर चालली.

११/ युक्ती चांगली, पण तिच्यात एक फट होती. पाणथरी इतर कारणांनीही वाढते. सातपुड्यातील एखाद्या पोराचे पोट फुगलेले, डोळे पिवळसर, अंगात रक्त नाही. चाचपणारा ‘हिवताप’ असे लिहून पुढे जाणार. ते पोर दुसऱ्याच व्याधीचे असले, तरी त्या व्याधीला अजून नावच नव्हते. नाव नसलेला रोग तक्त्याच्या कोणत्या रकान्यात भरणार?

१२/ हिवतापाचे आणखी एक रूप आहे आणि ते भयंकर आहे. फॅल्सिपॅरम जातीचा परजीवी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतो. मग रोगी बरळू लागतो, माणसे ओळखेनासा होतो, झटके येतात, शुद्ध हरपते. काल शेतात काम करणारी तरणीताठी बाई आज परक्याच आवाजात ओरडते आहे, हे दृश्य कल्पनेसमोर आणा. शरीराचा रोग आणि मनाचा रोग यांच्यामधली भिंत येथे पार कोसळते.

१३/ गंमत अशी, की युरोपात याच्या नेमके उलटे घडले. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग याने १९१७ मध्ये उपदंशामुळे वेड लागलेल्या रुग्णांना मुद्दाम हिवताप टोचला. त्या तीव्र तापाने काहींचे वेड उतरले. १९२७ चे नोबेल त्याला याच कामासाठी मिळाले. एकीकडे ताप वेड आणतो, दुसरीकडे ताप वेड उतरवतो! पुढे पेनिसिलिन आले आणि ही जीवघेणी चिकित्सा मागे पडली.

१४/ बरळणाऱ्या माणसाचे निदान आपल्याकडे दोन वाटांनी गेले. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वात, पित्त, कफ, तिन्हींचा सन्निपात, आणि पाचवा ‘आगंतुक’, म्हणजे बाहेरून आलेला. या पाचव्याचा संबंध देव, गंधर्व, पिशाच यांच्याशी जोडला जाई. पण त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात असेही म्हटले आहे, की जो स्वतःच्या चुकीने पीडित झाला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच कोणीच पीडा देत नाहीत. दोष आपल्या बुद्धीच्या अपराधाचा असतो. एवढ्या जुन्या काळी बाहेरच्या शक्तीवरचा ठपका असा काढून घेतला गेला, ही मोठीच गोष्ट. पण तो ठपका नाहीसा झाला नाही. तो रोग्याच्याच माथी आला.

१५/ दुसरी वाट अधिक रक्ताळलेली. खानदेश, डांग, माळवा, मेवाड या साऱ्या भिल्ल मुलखात दुखणे ओळखण्याचे काम बडव्याकडे असे. बडवा झाडपाला जाणे, बाळंतपणातील अडचणी जाणे, घाबरलेल्या घराला धीर देई. त्याला निव्वळ भोंदू ठरवून मोकळे होणे हा अन्याय होईल. पण एकामागून एक मुले दगावू लागली, औषध चालेना, की प्रश्न विचारला जाई : हे कोणी केले? आणि उत्तरात एखाद्या बाईचे नाव येई. डाकीण.

१६/ तिला झाडाला उलटे टांगून झोके द्यायचे, कबुली घ्यायची, गावाबाहेर काढायचे किंवा ठार मारायचे, असे प्रकार एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत अनेक वेळा येतात. इतिहासकार अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये पश्चिम भारतातील या हिंसेवर विस्तृत निबंध लिहिला आहे. जिज्ञासूंनी तो मिळवून वाचावा. ‘आदिवासी म्हणून असे वागले’ अशी कोणाची समजूत होत असेल, तर आठवण असू द्या : स्वित्झर्लंडमध्ये आना ग्योल्डी या मोलकरणीचा शिरच्छेद झाला तो १७८२ साली. मालकाच्या मुलीला टाचण्यांची वांती होते आणि ती हिनेच केलेल्या करणीमुळे, असा आरोप होता. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती.

१७/ कंपनीचे सरकार या हत्यांना खून मानी, आणि १८६० च्या दंडसंहितेनंतर तर खटलेही रीतसर चालत. या संहितेच्या ८४ व्या कलमानुसार, मन विकृत असल्यामुळे आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नसे. डाकिणीला मारणारा भिल्ल मात्र मनोरुग्ण ठरत नसे. त्याची होती ‘समजूत’. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच. पण बाईचा जीव घेणारे ते निदान का रुजले, पोरे का दगावत होती, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत बसत नव्हता. तो होता वैद्यकाचा, आणि वैद्यक अजून चाचपडत होते.

१८/ २० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. वाईट हवेचा खटला निकालात निघाला. (२० ऑगस्ट या तारखेशी महाराष्ट्राची दुसरीही आठवण जोडलेली आहे : २०१३ मध्ये याच दिवशी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नंदुरबारच्या डोंगरात डाकीण प्रथेविरुद्ध मोहीमही चालवली आहे.)

१९/ आता ते दुसरे दुखणे. डिसेंबर १९०४, शिकागो. वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण खोकला, ताप आणि अशक्तपणा घेऊन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त पाहिले. गोल तांबड्या पेशींमध्ये काही लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या पेशी होत्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये या व्याधीला ‘सिकलसेल ॲनिमिया’ असे नाव पडले. सिकल म्हणजे विळा.

२०/ घडते काय? तांबड्या पेशीत प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढाच फरक, १४६ मध्ये एका जागेचा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवले, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी ती जागा हुडकून काढली. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोर बनते आणि पेशी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. म्हणून ती वेदना.

२१/ या वेदनेविषयी थोडे थांबून सांगायला हवे. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात, ते रात्रंदिवस रडते. मोठेपणी पाठ, मांड्या, छाती यांतील हाडे आतून कोणी पिळतो आहे अशी कळ उठते. ती तासन्‌तास, कधी आठवडाभर राहते. मग उतरते, आणि माणूस पुन्हा चालू-बोलू लागतो. बाहेरून जखम नाही, अनेकदा सूजही नाही. पाहणाऱ्याला वाटते : कालपर्यंत धडधाकट होता, आज कामाच्या वेळी बरा कण्हतो! भिल्लांविषयी लिहिताना वसाहतकालीन लेखक ‘आळशी’ हे विशेषण किती सहज वापरत. तो शिक्का मारलेल्यांपैकी काहींच्या हाडांत त्या दिवशी काय चालले असेल, असा विचार ते लेखन वाचताना आता मनात आल्यावाचून राहत नाही. कधी वाकलेल्या पेशी मेंदूची वाहिनी अडवतात आणि लहान मुलाची एक बाजू लुळी पडते. अशा घरात ‘हे कोणी केले’ हा प्रश्न किती तीव्रतेने उठत असेल!

२२/ पहिली चाळीस वर्षे अमेरिकेत हा ‘काळ्यांचा रोग’ मानला गेला. इतका, की गोऱ्या माणसात तो आढळला तर त्याच्या वंशावरच संशय घेत. १९५२ मध्ये या समजुतीला भारतातून धक्का बसला. लेमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये या पेशी आढळल्या. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये डनलॉप व मजुमदार यांना. १९५८ मध्ये नागपूरहून नोंद आली. पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांच्यासारख्या संशोधकांनी महाराष्ट्रभरच्या आदिवासी पाड्यांवर रक्त तपासले. भिल्ल आणि पावरा यांच्यातील काही पाहण्यांत दोष धारण करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात वीसच्या पुढे गेले. सातपुड्यातील दुखण्याला अखेर नाव मिळाले. आउट्रम धरणगावात आला त्याला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली होती.

२३/ इतका घातक दोष इतक्या लोकांत टिकला कसा? रोगी मुले लहानपणीच मरत असतील तर दोष काही पिढ्यांत विरून जायला हवा. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसीमिया या भावंड-रोगाविषयी तर्क केला होता, की तो हिवतापापासून बचाव करत असावा. (हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तो ताळा जुळवून दाखवला. आईबापांपैकी एकाकडूनच दोष मिळालेली व्यक्ती ‘वाहक’ असते; तिला सहसा काही त्रास होत नाही. उलट, मेंदूपर्यंत जाणाऱ्या त्या घातक हिवतापापासून तिला मोठे संरक्षण मिळते. दोघांकडूनही दोष मिळाला तर मात्र रोग.

२४/ आता सातव्या पोस्टमधील प्रश्नाकडे परत या. ज्या रानात पलटणी झोपत होत्या तेथे भिल्ल का टिकत होता? लहानपणापासून ताप सोसून आलेली प्रतिकारशक्ती हा त्याच्या उत्तराचा एक भाग. दुसरा भाग रक्तातला हा विळा. ज्या तापाने सातपुड्याचे बाहेरच्यांपासून रक्षण केले, त्याच तापाने तेथील माणसांत हा दोष निवडून, जपून ठेवला. काही मुलांना तापातून वाचवायचे आणि त्याच कुळातल्या काहींना वेदनेच्या स्वाधीन करायचे, असा हा निसर्गाचा सौदा. इंग्रजांचे अहवाल वाचताना आपण ‘ताप’ या शब्दावरून झरकन पुढे जातो. त्या एका शब्दाखाली लष्करी, सामाजिक आणि जैविक असे तीन इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत.

२५/ सौद्याची एक बाजू विसाव्या शतकात बदलली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली. देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण होते, ते १९६५ पर्यंत लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर उसळला, नंतर हळूहळू उतरला. ताप ओसरला, पण त्याच्यासाठी घेतलेले रक्तातले कर्ज तसेच राहिले.

२६/ आणि जगण्याची रीतही बदलली. जंगल तुटले, जमीन आटली. १९७० च्या दशकात डच अभ्यासक यान ब्रेमन बारडोलीच्या साखर कारखान्यांवर गेले तेव्हा ऊसतोड करणारे बहुसंख्य मजूर खानदेशातून, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातून आलेले होते. त्यांच्या जोडीला नाव ‘कोयता’. माणसे मोजायची ती कोयत्यांवर. आता सिकलसेलची कळ कशाने उठते ते पाहा : थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप. ऊसतोडीचा हंगाम हिवाळ्याचा, झोप पाल्याच्या खोपीत, काम पहाटेपासून. ज्याच्या रक्तात विळा आहे, त्याच्या हातात कोयता दिल्यावर दुसरे काय होणार? आणि येथेही कण्हणाऱ्याला मुकादम काय म्हणत असेल, हे वेगळे सांगायला नको.

२७/ नाव मिळाल्याने सगळे सुटले असे मानू नका. नाव चिकटतेही. रेणूचा दोष दाखवणाऱ्या पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये सुचवले होते, की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. नोबेल मिळवलेल्या, शांततेसाठी झटलेल्या माणसाची ही सूचना! १९७० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या तपासण्या झाल्या, आणि रोगी नसलेल्या वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला गेला. आपल्याकडे ही भीती अधिकच खरी आहे. दोष आई आणि बाप दोघांकडून येतो, तरी बोल लागतो तो बहुधा सुनेला. बडव्याने ज्या बाईकडे बोट दाखवले असते, तिच्याचकडे आता तपासणीच्या कागदाने बोट दाखवायचे, असे होता कामा नये.

२८/ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्यांना कार्ड देतात, लग्नाआधी दोघांनी ती ताडून पाहावीत म्हणून. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक. औषधही आहे : हायड्रॉक्सियुरिया. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि कळा कमी करते. भारतीय रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त आढळते, म्हणून येथील रोग ‘सौम्य’ असा समज बराच काळ होता. मध्य भारतातील अनुभवाने तो समज पुष्कळच ढिला केला आहे.

२९/ पाड्यावर होणारी पहिली चाचणी अगदी साधी असते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन रसायनाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे धरलेल्या ओळी दिसतात का ते पाहतात. द्रव गढूळ झाला, ओळी दिसेनाशा झाल्या, तर विळ्याचे हिमोग्लोबिन आहे. पण तो माणूस वाहक आहे की रोगी, हे या नळीवरून कळत नाही. त्यासाठी नमुना डोंगर उतरून मोठ्या प्रयोगशाळेत जावा लागतो आणि अहवाल पुन्हा डोंगर चढून त्याच घरी पोचावा लागतो.

३०/ शेवटी एक विनंती. ताप, पाणथरी, हाडांतली कळ यांना अहिराणी, भिलोरी, पावरी, तडवी बोलींत कोणते शब्द आहेत? घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मंडळींकडून विशेष अपेक्षा आहे.